हिंमतीचं कूळ

‘हिंमत’ आणि ‘मोहीम’ ही सख्खी भावंडं. दोघांचं मूळ ‘ह-म-म’ या अरबी धातूत आहे. त्यातला ‘हम्म’ म्हणजे चिंता, जिवाला लागलेला घोर. त्याच धातूचं क्रियापद एखादी गोष्ट करायचं मनात धरणं, असाही अर्थ देतं. ज्याचा घोर लागावा असं महत्त्वाचं काम ते ‘मुहिम्म’. फारसीच्या वाटेने मराठीत येता येता त्याची मोहीम झाली. आणि त्या कामाकडे मन ज्या निश्चयाने वळतं, ती ‘हिम्मा’, फारसीत ‘हिम्मत’.

म्हणजे हिंमतीच्या पोटात मुळात काळजी आहे. निर्भयपणा नंतरचा.

सूफींनी या शब्दाला फार उंचीवर नेलं. १२४० साली दमास्कसला वारलेल्या इब्न अरबीच्या लेखनात ‘हिम्मा’ ही एकाग्र झालेल्या अंतःकरणाची शक्ती आहे. फारसी परंपरेत शिष्य पीराकडे ‘हिम्मत’ मागतो, म्हणजे त्याच्या मनोबलाचा आधार मागतो. खचलेल्या माणसाला आपण ‘हिंमत देतो’, तेव्हा एकाचं बळ दुसऱ्याला पुरतं हीच श्रद्धा त्यामागे असते.

दख्खनच्या दरबारांत फारसी रुजली आणि तिच्या शब्दांनी मराठी मुलखात घर केलं. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, १६८९ मध्ये, संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण यांनी औरंगजेबाच्या छावणीत शिरून त्याच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले, असं बखरी सांगतात. राजाराम महाराजांनी विठोजींना दिलेला किताब होता ‘हिंमतबहाद्दर’. तो चव्हाणांच्या घराण्यात पुढेही चालला. ‘हिंमते मर्दा तो मददे खुदा’ ही म्हण तर फारसीचा गंधही नसलेल्या माणसांच्या तोंडी बसली.

‘आत्मविश्वास’ हा संस्कृत जोडशब्द आज मुलाखतीपासून व्यासपीठापर्यंत सगळीकडे भेटतो. पण आत्मविश्वास असतो किंवा वाटतो. हिंमत करावी लागते. मराठीने ती धरली, बांधली, एकवटली, हरली. तिच्यासाठी एवढी क्रियापदं वापरात आहेत, यातच तिचं जिवंतपण दिसतं.

तिला एक कडू बाजूही आहे. ‘तुझी हिंमत कशी झाली?’ हा प्रश्न बहुधा वरून खाली येतो: मालकाकडून गड्याला, सासऱ्याकडून सुनेला. जी गोष्ट विठोजींना किताब मिळवून देते, तीच इथे गुन्हा ठरते. गावच्या पाणवठ्यावर, शाळेच्या दारात, ग्रामसभेत पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्या कितीतरी बायामाणसांना हा शब्द आधी असाच, दरडावणीत ऐकू आला आहे.