क्षेत्र आणि पेठ

महाबळेश्वरच्या पठारावर गावं दोन आहेत. क्षेत्र महाबळेश्वर देवळांचं; तिथून पाच-सहा किलोमीटरवरची पेठ हॉटेलांची. बाहेरची माणसं दोन्हीकडे येत राहिली, पण त्यांच्या येण्याची कारणं निराळी होती आणि त्यातूनच ही दोन गावं घडली.

क्षेत्री येणारा यात्रेकरू सवड बघून येत नसे, पंचांग बघून येई. जानेवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला इथे केली, ती सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी. गुरू कन्या राशीत गेला की कन्यागताचं पर्व लागतं. दर बारा वर्षांनी गंगा कृष्णेच्या भेटीला येते, ही त्यामागची श्रद्धा. पंचगंगेच्या देवळात भिंतीलगत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे झरे वाहतात आणि एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतात. शेजारी भागीरथी आणि सरस्वती यांच्याही जागा राखलेल्या आहेत. एकीला बारा वर्षांनी पाणी येतं, दुसरीला साठ वर्षांनी, असं मानतात. यात्रेकरू त्या कोरड्या जागेपुढेही हात जोडतो. पाहण्यासारखं काही नसलं तरी त्याची यात्रा पुरी होते. पर्यटकाचं तसं होत नाही.

पेठेचा इतिहास जेमतेम दोनशे वर्षांचा. १८२४ मध्ये लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी डोंगर चढून आला. १८२९ मध्ये गव्हर्नर माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना वाईकडचं खंडाळा गाव देऊन हा मुलूख घेतला आणि माल्कमपेठ वसली. सुरुवातीला आले ते आजारातून उठणारे गोरे शिपाई आणि अधिकारी. हवापालटासाठी ते मुक्कामच ठोकत, त्यामुळे त्यांनाही पर्यटक म्हणता येत नाही. इथे चिनी कैदीही होते; त्यांना तर धरून आणलेलं होतं. त्यांनी इथे बटाटे आणि भाजीपाला पिकवला. १८६४ मध्ये त्यांचा तुरुंग बंद झाला. पेठेच्या इतिहासात त्यांना ओझरत्या उल्लेखापलीकडे जागा मिळत नाही, हे खटकतं.

पुढे मुंबई सरकारच उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येऊ लागलं. साहेबांना संध्याकाळी फिरायला जागा हव्या होत्या, म्हणून कड्यांचे ‘पॉइंट’ झाले आणि त्यांना साहेबांचीच नावं पडली. सिडनी पॉइंट १८७४ मध्ये लॉडविक पॉइंट झाला. आजचा पर्यटक या फेरफटक्याचा वारस आहे. टॅक्सीवाल्याशी दर ठरवून तो ‘पॉइंट करतो’, आणि त्या फेरीत क्षेत्रही एक पॉइंट होऊन बसतं.

आर्थर सीटला जाणारा रस्ता क्षेत्रावरूनच जातो. कड्यावर उभं राहून लोक सावित्रीच्या दरीचे फोटो काढतात. तिचा उगम मागे देवळात राहिला, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. देवळात त्यांना कोणी हे नीट सांगितलं, तर त्यातले बरेच जण आनंदाने थांबतील.

मागचं कन्यागत २०१६ मध्ये लागलं होतं, पुढचं २०२८ मध्ये लागेल. तेव्हा स्नानाला येणारे आणि पॉइंट बघायला निघालेले याच एका अरुंद रस्त्यावर येणार आहेत. गाड्या कुठे थांबवायच्या आणि कुंडाकडची वाट कशी मोकळी ठेवायची, हे आताच ठरवायला हवं.