टॅलिसची चाल, तंतुवाद्यांवर

७. व्हॉन विल्यम्सच्या १९१० मधील ‘फँटेसिया’त टॅलिसची चाल शब्दांवाचून पोरकी झाली, हे मत मान्य करणे कठीण आहे. आर्चबिशप पार्कर यांच्या १५६७ च्या स्तोत्रसंग्रहासाठी टॅलिसने चार आवाजांत बांधलेली ही चाल वरच्या आवाजात नाही, टेनरमध्ये आहे. व्हॉन विल्यम्सने ती प्रथम सलग मांडली तीही मधल्या-खालच्या वाद्यांवर. म्हणजे तिची मूळची जागा त्याने ओळखली होती. (स्वर फ्रिजियन, आपल्या भैरवी थाटासारखे, साम्य तेवढ्यापुरतेच.) याहून बोलकी आहे ती वादकांची मांडणी. मोठा वाद्यमेळ, त्यापासून शक्यतो दूर बसवलेला नऊ जणांचा दुसरा मेळ, शिवाय चौघांचे क्वार्टेट. एका बाजूने गावे, दुसरीने उत्तर द्यावे, ही इंग्रजी कॅथीड्रलांतल्या समोरासमोर उभ्या गायकांची जुनी रीत इथे वाद्यांत उतरली आहे, आणि पहिला प्रयोगही ग्लॉस्टर कॅथीड्रलमध्येच झाला.

शब्द गेले, हे खरेच. पण या चालीचे शब्दांशी लग्न कधी लागलेच नव्हते: पार्करच्या संग्रहात एकाच चालीवर अनेक स्तोत्रे म्हणता येत, आणि १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’मध्ये खुद्द व्हॉन विल्यम्सने तिच्यावर अॅडिसनचे गीत बसवले होते. ‘फँटेसिया’ हे चालीचे रूपांतर नसून मुक्त विस्तार आहे, असा आक्षेप घेतला तर तो मात्र अंशतः टिकतो. एकट्या व्हायोलापासून सुरू होणारा मधला भाग चालीच्या तुकड्यांवरच वाढत जातो. त्याला रूपांतर म्हणणे ओढूनताणून होईल.