नेसरीचीं खाचरें आणि प्रयोगशाळेंतील बेडूक



नेसरीचें नांव काढलें कीं प्रतापराव गुजरांची आठवण होते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं अवघ्या सहा स्वारांनिशीं ते बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले, ही कथा मराठी मुलाला सांगावी लागत नाहीं. मी मात्र आज आपणांस त्या खिंडींत नेणार नाहीं. त्या मुलखांत भाताचीं खाचरें आहेत. मृगाचा पाऊस झाला म्हणजे त्यांतून मोठे बेडूक ओरडूं लागतात. नर तर हळदीसारखे पिवळे होतात. आजचें भाषण त्यांच्याविषयीं आणि त्यांच्या जिवावर वाढलेल्या विद्येविषयीं आहे.

प्रतापराव पडले त्याच्या तेरा वर्षें आधीं, १६६१ सालीं, इटलींतील माल्पीगी नांवाच्या वैद्यानें सूक्ष्मदर्शकांतून बेडकाच्या फुप्फुसांतील केशवाहिन्या पाहिल्या. हार्वेनें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला होता खरा. पण रोहिण्यांतील रक्त नीलांत कोणत्या वाटेनें जातें, हें त्याला दाखवितां आलें नव्हतें. ती वाट बेडकानें दाखविली. पुढें १७९१ सालीं गॅल्व्हानीनें बेडकाच्या तंगडीच्या आचक्यांविषयीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. त्यावर वाद पेटला, आणि त्या वादांतूनच व्होल्टानें १८०० सालीं विजेची पहिली बॅटरी जगापुढें ठेवली. एवढें ऋण दुसऱ्या कोणत्या प्राण्याचें असेल, असें मला वाटत नाहीं.

हे शोध एकदांच लागले. चिरफाड मात्र दरसाल चालू राहिली. आपल्या विद्यापीठांतून प्राणिशास्त्राचा विद्यार्थी म्हटला कीं त्यानें बेडूक चिरावयाचाच. मेणाचा ट्रे, टांचण्या, क्लोरोफॉर्मचा वास! जें पुस्तकांत छापलेलें तेंच पोटांत शोधावयाचें, आणि नाहीं सांपडलें तर आकृति पुस्तकावरूनच उतरावयाची. माल्पीगीच्या हातीं गेलेला बेडूक कांहीं तरी नवें सांगून गेला. आमच्या ट्रेमधले बहुतेक बेडूक नुसतेच गेले.

ते येत कोठून? कोणी पाळलेले नसत. शेतांतून, ओढ्यांतून धरून आणलेले असत. त्याच प्राण्यावर दुसरीकडून व्यापाराची धाड होती. १९८० च्या सुमारास वर्षाला हजारों टन तंगड्या बर्फांत घालून परदेशीं जात. खाचरांतले किडे आणि खेकडे खाणारा हा राखणदार नाहींसा झाला म्हणजे पिकावर औषधें मारण्याचा खर्च शेतकऱ्याच्या गळ्यांत पडतो. १९८७ सालीं सरकारनें निर्यात बंद केली. व्यापारी थांबले, परंतु विद्वानांस थांबावयास आणखी चोवीस वर्षें लागलीं! विद्यापीठ अनुदान आयोगानें २०११ सालीं विच्छेदन कमी करीत नेण्याचीं सूत्रें काढलीं, आणि २०१४ सालीं तें अभ्यासक्रमांतून सर्वस्वीं वगळावयास सांगितलें.

प्राध्यापकांपैकीं कांहींनीं तक्रार केली कीं पडद्यावरच्या चित्रानें हात तयार होत नाहीं. ही तक्रार मी उडवून लावणार नाहीं. शल्यकर्म करूं इच्छिणाऱ्याला तर ती लागूच आहे. पण ज्याला जीवसृष्टि समजून घ्यावयाची आहे, त्यानें ट्रे सोडला तर पडद्यापाशींच कां बसावें?

वनस्पतींच्या बाबतींत याचें उत्तर कोल्हापुरांतच मिळालें आहे. १९६२ सालीं स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठांत डॉ. एस. आर. यादव यांनीं सह्याद्रींतील कंदीलपुष्पांचा अभ्यास केला. या वेलींचे कंद लोक खणून खातात, आणि संग्राहकांनाही त्यांचा मोह पडतो. यादवांनीं नमुने दाबून कपाटांत ठेवण्यावर भागविलें नाहीं. विद्यापीठाच्या बागेंत या दुर्मिळ वेली लावून त्यांचें जतन केलें.

बेडकासाठीं तर बागेचीही गरज नाहीं. नेसरीच्या विद्यार्थ्यानें पहिल्या पावसाच्या रात्रीं वही आणि दिवा घेऊन बांधावर जावें. कोणत्या दिवशीं पहिली हांक आली, कोणत्या खाचरांतून ती आलीच नाहीं, तेथें कोणतें औषध मारलें होतें, हें त्यानें लिहून ठेवावें. तें अजून कोणत्याही पुस्तकांतल्या आकृतीवरून उतरून घेतां येत नाहीं.