गल्लीतील मांजरांची काळजी कशी घ्यावी? घरी बनवलेले ‘मांजर कार्ड’ का उपयोगी पडते?

अहिल्यानगर शहरातील माळीवाडा असो, सावेडी, केडगाव किंवा भिंगार असो, प्रत्येक गल्लीत दोन-चार मांजरे असतातच. एका घरी त्यांना सकाळी दूध मिळते, दुसऱ्या घरी दुपारी माशाचे काटे आणि तिसऱ्या घराच्या जिन्याखाली ती पिल्ले घालतात. मांजर सगळ्यांचे असते, पण जबाबदारी कोणाचीच नसते. त्यामुळे लस कोणी दिली, नसबंदी झाली की नाही, जंताचे औषध कधी दिले, हे कोणालाच ठाऊक नसते.

यावर एक साधा उपाय आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक मांजराचे एक कार्ड बनवायचे. ते कसे बनवायचे, त्यावर काय लिहायचे आणि कायदा काय सांगतो, हे या लेखात पाहू.

गल्लीतील मांजर म्हणजे नेमके कोण?

अशा मांजरांचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिले पाळीव, पण मोकळे फिरणारे. दुसरे कोणाच्याच मालकीचे नसलेले, पण माणसाळलेले. तिसरे माणसापासून लांब राहणारे, फक्त खायला येणारे. तिघांची काळजी वेगळी असते. माणसाळलेल्या मांजराला उचलून डॉक्टरांकडे नेता येते, तर बुजऱ्या मांजरासाठी पिंजरा लागतो. पाळीव मांजराची नसबंदी मालकाला विचारल्याशिवाय करता येत नाही.

मांजर कोणाचे आहे हे कळत नसेल, तर कागदी पट्टीची युक्ती करता येते. कागदाच्या अरुंद पट्टीवर ‘हे मांजर तुमचे आहे का? असल्यास समोरच्या किराणा दुकानात निरोप ठेवा’ असे लिहून ती मांजराच्या गळ्यात सैल बांधावी आणि टोके साध्या चिकटपट्टीने जोडावीत. दुकानदाराला आधी सांगून ठेवावे. पट्टी कुठे अडकली तर कागद फाटतो आणि मांजर सुटते. त्यासाठी सुतळी किंवा रबर बँड कधीही वापरू नये. आठ-दहा दिवसांत निरोप आला नाही, तर मांजर बहुधा कोणाचेच नाही असे समजून पुढचे पाऊल उचलता येते.

कार्ड कशासाठी लागते?

समजा, उद्या सकाळी एका मांजरीची नसबंदी आहे. भूल द्यायची असल्याने डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपासून तिला खायला द्यायचे नाही. एका घराने हे पाळले, पण शेजारच्या आजींना माहीत नसल्याने त्यांनी पहाटे दूध-पोळी घातली. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. खाऊच्या जागी ‘उद्या हिचे ऑपरेशन आहे, कृपया खायला देऊ नका’ असे कार्ड लटकवले असते, तर हा धोका टळला असता.

औषधांचेही तसेच आहे. दोन घरांनी एकाच आठवड्यात जंताचे औषध दिले की मात्रा दुप्पट होते. मुलाला मांजराने ओरखडले, तर डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ‘मांजराला रेबीजची लस दिली आहे का?’ याचे उत्तर नुसत्या आठवणीवर देऊन चालत नाही.

कार्ड कसे बनवावे?

जाड लग्नपत्रिका, वहीचा पुठ्ठा किंवा मिठाईच्या खोक्याचे झाकण चालते. पोस्टकार्डाएवढा तुकडा कापा. मुलांना मांजराचे चित्र काढू द्या किंवा फोटो चिकटवा. पावसात शाई फुटू नये म्हणून बॉलपेनने लिहा आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. त्यावर ही माहिती असावी:

- ओळख: हाक मारायचे नाव, रंग, शेपटी, डोळ्यांजवळची किंवा पायावरची खूण.
- बोका की भाटी: काळा, तांबडा आणि पांढरा असे तिन्ही रंग असतील, तर ती जवळजवळ नेहमी भाटीच असते. तांबड्या मांजरांत बोके जास्त असतात.
- नसबंदी: झाली असल्यास तारीख. बाकी असल्यास मोठ्या अक्षरात ‘बाकी’.
- लस आणि जंताचे औषध: नाव, तारीख, पुढची तारीख.
- खाऊ: कोणते घर सकाळी देते, कोणते संध्याकाळी.
- आजार: काय झाले, कधी झाले, डॉक्टरांनी काय दिले.

मूळ कार्ड एका घरी ठेवा आणि त्याचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. खाऊच्या जागी एक वेगळे, दोन बाजूंचे छोटे कार्ड लटकवा. एका बाजूला ‘आजचे खाणे झाले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘खाणे बाकी’. खाऊ घालणाऱ्याने ते उलटायचे. त्यामुळे अन्न उरून सडत नाही, आणि घाण झाली नाही की शेजाऱ्यांची निम्मी तक्रार मिटते.

काय खायला द्यावे, काय टाळावे?

मांजर मुळात मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन हा घटक मांसातून मिळावा लागतो. तो सतत कमी पडला, तर दृष्टी जाऊ शकते आणि हृदय दुबळे होते. म्हणूनच नुसती दूध-पोळी किंवा कुत्र्याचे खाद्य मांजराला पुरत नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही, जुलाब होतात.

शिजवलेले बिनहाडाचे चिकन, उकडलेले अंडे किंवा शिजवलेला मासा भातात कालवून देता येतो. मीठ-मसाला, कांदा आणि लसूण नको. घरात मांसाहार चालत नसेल, तर मांजराचे कोरडे तयार खाद्य दाराबाहेर देणे सोपे पडते.

चिकनच्या दुकानातील कच्चे तुकडे देऊ नयेत. बर्ड फ्लू कच्च्या मांसातून मांजरवर्गीय प्राण्यांपर्यंत पोहोचू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या या आजाराने दगावले होते.

जिल्हा अवर्षणप्रवण आहे आणि उन्हाळा कडक असतो. एप्रिल-मे महिन्यांत खाऊपेक्षाही सावलीतले पाणी जास्त गरजेचे असते. मातीचे पसरट भांडे ठेवा आणि पाणी रोज बदला.

नसबंदी का करावी?

नुसते खायला घालणे, पण नसबंदी न करणे ही अर्धवट काळजी आहे. मांजरी चार ते सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो. एका वेळी चारच्या आसपास पिल्ले होतात आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षातून दोन वेळा धरले, तरी एका मांजरीची आठ पिल्ले झाली. त्यांतली बरीचशी वाहनाखाली, कुत्र्यांच्या तोंडी किंवा आजाराने मरतात. दर काही महिन्यांनी हे पाहण्यापेक्षा एकदा केलेली नसबंदी बरी.

नसबंदीनंतर बोक्यांची मारामारी, रात्रीचे ओरडणे आणि दारात उग्र वासाचे मुतणे बरेच कमी होते. भूल उतरण्याआधी बहुधा डाव्या कानाचे टोक सरळ कापतात. ही जगभर चालणारी खूण आहे. कान पाहून मांजराची नसबंदी झाल्याचे लांबूनच कळते आणि त्याला पुन्हा पकडावे लागत नाही.

‘मांजरे दूर नेऊन सोडली की प्रश्न सुटेल’ असे अनेकांना वाटते. पण उंदीर आणि उष्टे तिथेच असल्याने मोकळ्या जागी नवी मांजरे येतात, आणि सोडलेले मांजर अनोळखी जागी उपाशी मरते. मुंबईत महापालिकेने संस्थांच्या मदतीने मांजरांची नसबंदी हाती घेतली आहे. लहान शहरांत बहुधा गल्लीलाच वर्गणी काढून खासगी पशुवैद्यकांकडे जावे लागते. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी चौकशी जरूर करावी.

कोणत्या आजारांकडे लक्ष ठेवावे?

पॅनल्युकोपेनिया: याला बोलीत ‘मांजरांचा पार्वो’ म्हणतात. पिल्लू अचानक खाणे सोडते, उलट्या-जुलाब होतात, पाण्याच्या भांड्यापाशी मान टाकून बसते. लस न दिलेली पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावू शकतात. हा माणसाला होत नाही, पण त्याचा विषाणू त्या जागी वर्षभरही टिकू शकतो. म्हणून पिल्लू कुठे आणि कधी गेले हे कार्डावर लिहाच. त्या कोपऱ्यात किंवा त्याच गोणपाटावर लस न दिलेले नवे पिल्लू ठेवले, तर तेही जाण्याची भीती असते. गोणपाट फेकून द्या आणि फरशी ब्लिचिंगच्या पाण्याने धुवा. या आजाराची लस सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते.

रेबीज: मांजरालाही होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होतो. मांजराला लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात. पुढचे डोस डॉक्टर सांगतील.

गजकर्ण: मांजराचे केस गोल चकत्यांसारखे गेले असतील, तर मुलांना त्याला हात लावू देऊ नका. हा बुरशीचा संसर्ग माणसाला होतो.

घरातील औषधे मांजराला कधीही देऊ नका. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनयुक्त औषधही मांजराला विषारी ठरते.

मांजर चावले किंवा ओरखडले तर?

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तेल, मिरची काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा, तिथे रेबीजची लस मोफत मिळते. कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. रक्त आले असेल, तर डॉक्टर जखमेत वेगळे इंजेक्शनही देतात. मांजरावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठी लस थांबवू नये. कार्डावर लसीची नोंद असली तरी दवाखान्यात जायचेच, कार्ड सोबत न्यायचे.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हाही गुन्हा आहे. पिल्ले पोत्यात भरून बाजारात सोडणे त्यातच येते. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही फक्त १० ते ५० रुपये आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ अधिक कडक आहे. प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत, मालक नसलेल्या प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ रहिवासी संघटनेने ठरवावी, असे म्हटले आहे. ती जागा जिने, येण्याजाण्याची वाट आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी. म्हणजे खाऊ घालणाऱ्याला हक्क आहे, तसे स्वच्छतेचे बंधनही आहे. सोसायटीच्या बैठकीत कार्डांचा गठ्ठा दाखवला, तर ‘मांजरे वाढवता’ या आरोपाला नसबंदीच्या तारखांनीच उत्तर देता येते.

उसात सापडलेले पिल्लू मांजराचेच असते का?

नेहमी नाही. अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या ऊसपट्ट्यात तोडणीच्या वेळी बिबट्याचे बछडे सापडतात, तसेच रानमांजर आणि वाघाटीची पिल्लेही सापडतात. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक आहे. पूर्ण वाढलेली वाघाटीही घरच्या मांजरापेक्षा लहान असते. अंगावर तांबूस ठिपके आणि कपाळावर पांढरे पट्टे ही तिची खूण. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ती घरी नेणे गुन्हा आहे.

अशा पिल्लाला हात न लावता तोडणी तिथे थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आई बहुधा जवळपासच असते आणि रात्री पिल्ले घेऊन जाते. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राच्या पथकांनी वनविभागासोबत अशा अनेक पिल्लांची आईशी भेट घडवली आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, हे खरे आहे का?
सात हा आकडा लोकसमजुतीचा आहे. पण धोका, घाण किंवा गर्दी वाटली की ती पिल्ले हलवते, हे खरे आहे. एकटे पिल्लू दिसले म्हणून लगेच उचलू नका. काही तास लांबून पाहा. आई एकेक पिल्लू हलवत असू शकते.

घरात गर्भवती स्त्री असेल तर मांजर बाहेर काढावे का?
गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो, पण विष्ठा पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. विष्ठा रोजच्या रोज दुसऱ्या कोणीतरी काढावी. गर्भवतीने मातीकाम केल्यावर हात धुवावेत आणि मांस पूर्ण शिजवूनच खावे.

दत्तक देण्याची पोस्ट कशी टाकावी?
फोटो, वय, लसीची नोंद आणि शहर लिहा, खाऊची नेमकी जागा लिहू नका. जागा कळली की तिथे रात्रीतून आणखी पिल्ले आणून सोडली जातात. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नका. देताना त्याचे कार्ड नव्या घराला द्या आणि त्यावर लसीची पुढची तारीख ठळक लिहा.