आधी, व्याधी आणि सावित्रीचे खोरे

मनाच्या त्रासाने शरीर बिघडते, ही गोष्ट पाश्चात्त्य वैद्यकाने शोधून काढली आणि मग ती आपल्याकडे आली, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली ‘नेचर’ नियतकालिकात आपले टिपण प्रसिद्ध केले, हे खरे. थंडी, जखम, विष, अतिश्रम अशा अगदी भिन्न आघातांनी प्राण्याच्या शरीरात एकच ठराविक बिघाड होतो, असे त्याने दाखविले. पुढे या अवस्थेला जे नाव रूढ झाले, त्यासाठी मराठीने ‘ताण’ हा दोराचा शब्द पत्करला. परंतु मराठी माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून ‘आधीव्याधी’ हा जोडशब्द वापरीत आला आहे. आधी म्हणजे मनाची पीडा, व्याधी म्हणजे देहाची. योगवासिष्ठात तर आधीतून व्याधी कशी उपजते, याचा विचारच केलेला आहे. शब्द जुना आहे म्हणून ज्ञान पुरे होते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. शब्द असणे वेगळे आणि रक्तदाब मोजणे वेगळे. या दोहोंमधील अंतर कसे कापले गेले, ते महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात उभे राहून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महाडजवळ गांधारी नदीच्या अंगाला पाले गावच्या डोंगरात सुमारे तीस लेणी आहेत. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्यास ती गाडीतूनही दिसतात, थांबणारे थोडे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ती कोरली गेली. तेथील एका शिलालेखात कुमार काणभोज विण्हुपालित याचे दान नोंदलेले आहे: लेणे, चैत्यगृह, आठ ओवरक, दोन बाजूंस पाण्याची दोन टाकी आणि लेण्यास जोडणारी वाट. हा ‘ओवरक’ म्हणजेच आपली ओवरी. पंढरपुरी ओवरीत उतरणाऱ्या वारकऱ्यास आपण दोन हजार वर्षांचा शब्द बोलतो आहोत, हे ठाऊकही नसते. दानाची यादी पाहा. मूर्ती नाही, सुवर्ण नाही. एका माणसाला बसावयास खोली, निजावयास दगडी ओटा, प्यावयास पाणी आणि यावयास वाट. बंदरातून घाटावर जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या लगत, चार महिने कोसळणाऱ्या पावसात, मन एकाग्र करणाऱ्या माणसास जे लागते, तेवढेच दात्याने दिले.

त्या ओवऱ्यांत भिक्षू काय करीत, हे भिंती सांगत नाहीत. पण बौद्ध साधनेत श्वासावर लक्ष ठेवण्याचा अभ्यास, म्हणजे आनापान, फार प्राचीन आहे, आणि पाचव्या शतकातील बुद्धघोषाने विशुद्धिमार्गात त्याचे सविस्तर विवेचन केले आहे. ही साधना म्हणजे डोकेदुखीवरील औषध नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. याविषयी एक कथा सत्यनारायण गोयंका स्वतः सांगत असत. ब्रह्मदेशात व्यापार करीत असता त्यांना अर्धशिशीने ग्रासले होते. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा त्या गुरूने त्यांना प्रथम परतवून लावले. डोके दुखते म्हणून येणार असाल तर वैद्याकडे जा. धर्म त्यासाठी नाही, असा त्या नकाराचा आशय होता. पुढे गोयंकांनी शिबिर केले आणि १९६९ साली ते ही विद्या घेऊन भारतात आले. १९७६ साली इगतपुरीस धम्मगिरी उभी राहिली. नकार देणारा गुरू आम्हांस मोठा वाटतो. आज कोणत्याही दुखण्यावर कोणतेही आसन विकणाऱ्यांच्या गर्दीत तो फारच दुर्मिळ झाला आहे.

याच महाडात दुःखाविषयी दुसरे एक मोलाचे सत्य सांगितले गेले, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव १९२३ साली संमत झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे सर्वांस खुले केल्याचे ठरविले, तरी प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्यांस ते बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोकांना मार खावा लागला, तळ्याची ‘शुद्धी’ झाली, खटला चालला. उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. त्या दशकात त्या लोकांच्या मनावर जो भार होता, तो श्वास मोजून उतरला नसता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथात आंबेडकरांनी चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवरच प्रश्नचिन्ह लावले आणि दुःखाचा विचार माणसामाणसांतील व्यवहारापर्यंत नेला. ज्या दुःखाचे कारण बाहेर आहे, त्यावर आतला उपाय सुचविणे ही कधीकधी क्रूर थट्टा होते.

महाडपासून काही कोसांवर शिवथरची घळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध येथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली या स्थानाचा शोध लावला. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी धबधबा कोसळत असतो आणि आत बोलणे ऐकू येणेही कठीण होते. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तीन समास तीन तापांना दिलेले आहेत. देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या योगे होतो तो आध्यात्मिक. बाहेरच्या भूतांपासून होतो तो आधिभौतिक. मरणानंतर यमयातनेचा तो आधिदैविक. पहिल्या समासात त्वचेच्या रोगांपासून पोटाच्या दुखण्यांपर्यंत लांबलचक यादी आहे, आणि त्याच यादीत मनाचे क्लेशही बसविलेले आहेत. वेगळा कप्पा नाही. समर्थांचा उपाय नामस्मरणाचा आणि विवेकाचा, जोडीला बलोपासना. बसून जप आणि उठून जोर, हे दोन्ही एकाच माणसाने सांगितले, याची आठवण त्यांचे भक्तही नेहमी ठेवीत नाहीत.

सावित्रीकाठच्या सव गावी उन्हाळे आहे. वज्रेश्वरीपासून राजापुरापर्यंत सह्याद्रीला समांतर गेलेली ऊन झऱ्यांची जी रांग आहे, तिचाच हा एक दुवा. ऊन पाण्याने सांधे मोकळे होतात, झोप लागते, आणि घरातून चार तास बाहेर पडण्याचे निमित्त मिळते. यातील शेवटचा गुण आम्ही कमी लेखीत नाही. चाकरमान्यांच्या घरची बाई वर्षभर मनीऑर्डरची वाट पाहत असे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा त्या मनीऑर्डरी आटल्या आणि कित्येक घरांत त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. गावच्या भजनाने आणि मुंबईच्या खोलीतल्या भजनी मंडळाने त्या काळात किती माणसे सावरली, याचा हिशेब कोणत्याही इस्पितळाच्या दप्तरात मिळणार नाही.

आता दप्तरात मिळणाऱ्या गोष्टींकडे वळू. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले आणि अमळनेरला अध्यापन केलेले गृहस्थ. योगाने शरीरात काय घडते, हे श्रद्धेने न सांगता यंत्राने दाखवावे, ही त्यांची जिद्द होती. उड्डियान आणि नौलीच्या वेळी पोटात काय होते, याची क्षकिरणचित्रे त्यांनी घेतली. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे दाबमापकाने सिद्ध केले आणि त्या पोकळीस आपल्या गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. कुवलयानंद १९६६ साली वारले.

त्यांच्या मागे तीन वर्षांनी, १९६९ साली, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी देशमुख, दळवी व कैवल्यधामाचे विनेकर यांचा शवासन आणि रक्तदाब या विषयावरील निबंध ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात आला. रुग्ण ४७. त्यांचे तीन गट होते: औषध न घेणारे, औषधाने दाब आटोक्यात असलेले, आणि औषध घेऊनही तो आटोक्यात नसलेले. कृती अगदी साधी. उताणे निजावे, हातपाय थोडे फाकवावेत, पोटाने सावकाश श्वास घ्यावा, श्वास घेतल्यावर क्षणभर व सोडल्यावर त्याहून थोडे अधिक थांबावे. हे जमले की नाकपुड्यांशी आत जाणाऱ्या हवेचा गारवा आणि बाहेर येणाऱ्या हवेची ऊब तेवढी जाणावी. रोज अर्धा तास. सुमारे निम्म्या रुग्णांना लक्षणीय गुण आला. अनेकांची औषधे कमी करता आली, पण ती वैद्याच्या देखरेखीखाली. उरलेल्या निम्म्यांना तसा गुण आला नाही, हेही निबंधात स्वच्छ नोंदलेले आहे. नाकपुडीशी श्वास जाणण्याचा हा पाठ बौद्ध भिक्षूस अपरिचित वाटला नसता. फरक इतकाच, की आता शेजारी दाबमापक होता.

या खोऱ्यातल्या माणसांना ताण कशाचा, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. २५ जुलै २००५ रोजी दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल दोन एस.टी. गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावच्या वाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडी आल्या आणि महाड शहर पाण्याखाली होते. ज्याने हे पाहिले, त्याला पुढच्या आषाढात पत्र्यावर पावसाचा आवाज होताच झोप लागत नाही, छाती धडधडते, अन्न जात नाही. हा समर्थांच्या भाषेत आधिभौतिक ताप आध्यात्मिकात उतरण्याचा प्रकार होय.

अशा माणसांसाठी योगाचा उपयोग होतो काय? डॉ. शर्ली टेलिस यांनी बिहारच्या २००८ च्या पुरानंतर २२ पूरग्रस्तांवर प्रयोग केला. एक आठवडा योग करणाऱ्या गटाची खिन्नता कमी झाली. न करणाऱ्यांची चिंता त्याच आठवड्यात वाढली. बावीस माणसांवरून मोठा सिद्धांत उभारता येत नाही. परंतु एका आठवड्यात, कोणत्याही खर्चाविना, गावच्या शाळेत सतरंजीवर करता येण्याजोगी गोष्ट हाताशी असताना ती न करण्यास काय कारण आहे, ते आम्हांस कळत नाही. ज्याला रोज तोच डोंगर डोळ्यांपुढे येतो, किंवा जगणे नकोसे झाले आहे, त्याला मात्र मानसरोगतज्ज्ञच हवा, आणि गोळीही हवी; तेथे शवासनाने काम भागवू पाहणे धोक्याचे आहे. भजन, उन्हाळे, श्वास हे सारे औषधाच्या शेजारी बसावयाचे, त्याच्या जागी नव्हे.

आणि दरडीच्या छायेतील वाडी उठवून सुरक्षित जागी वसविणे, पाणी चढण्यापूर्वी भोंगा वाजणे, डोंगराच्या पायथ्याशी भराव टाकताना ओढा न बुजविणे, ही कामे सरकारची आणि पंचायतीची आहेत. साखर सुतारवाडीच्या म्हातारीला दीर्घ श्वास घ्यावयास अवश्य शिकवावे. पण तो शिकविणाऱ्याने तिच्या घरामागच्या कड्याकडे एकदा मान वर करून पाहावे, आणि तेथे भेग दिसली तर आधी तहसील गाठावे.