इफिजेनियाचं नाव निघालंच नाही

तीस वर्षं फौजदारी वकिली केली, त्यामुळे नाटक वाचतानाही मी आधी खटला शोधते. ग्रीक नाटककार एस्किलसच्या ‘ऑरेस्टिया’ या नाट्यत्रयीत तो शोधावा लागला नाही, तिसऱ्या नाटकात कोर्टच भरतं.

आरोपी ओरेस्टेस, गुन्हा आईचा खून. कबुली त्यानंच दिलेली. मयत क्लायटेमनेस्ट्रा, अर्गोसची राणी. तीही काही साधी नव्हे. दहा वर्षांनी ट्रॉय जिंकून नवरा, ॲगामेम्नॉन, घरी आला, तेव्हा तिनं त्याला उंची जांभळ्या वस्त्रांवरून चालवत आत नेलं, न्हाणीत त्याच्या अंगावर जाळ्यासारखं वस्त्र टाकलं आणि तीन घाव घातले. मग नगरातल्या म्हाताऱ्यांपुढे उभं राहून ते छातीठोकपणे सांगितलं. ‘ओडिसी’त ॲगामेम्नॉनला मारतो तो तिचा प्रियकर, हत्यार तिच्या हाती दिलं एस्किलसनं.

आणि कारणही दिलं. ट्रॉयला निघालेलं आरमार उलट्या वाऱ्यानं ऑलिसला अडकलं, म्हणून बापानं पोटच्या पोरीचा, इफिजेनियाचा, बळी दिला. पहिल्या नाटकात आई हे ठणकावून सांगते. तिसऱ्यात, अथेन्समधल्या ॲरिओपॅगसच्या टेकडीवर खटला चालतो, तेव्हा त्या पोरीचं नाव एकदाही निघत नाही. क्लायटेमनेस्ट्राचं भूत येऊन ओरेस्टेसच्या मागावर असलेल्या, झोपलेल्या सूडदेवतांना शिव्या देत उठवतं, जखमा दाखवतं, पण मुलीचा विषय तेही काढत नाही. फाइलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद गळाला, की मागची अख्खी कैफियत बदलते. हे मी कोर्टात पुष्कळदा पाहिलंय.

बचावाला अपोलो. खून कर म्हणून सांगणारा तोच, साक्षीदार तोच, वकीलही तोच! त्याचा युक्तिवाद असा: जन्म देतो तो बाप, आई केवळ पेरलेलं बी सांभाळते. (मूल बी पेरणाऱ्याचं की शेताचं, हा आपल्याकडचा बीज-क्षेत्राचा वाद आठवलाच.) पुरावा म्हणून तो बोट दाखवतो थेट अध्यक्षस्थानी बसलेल्या ॲथीनाकडे, कारण ती झ्यूसपासून आईविना जन्मलेली. आमच्याकडे अशा न्यायाधीशांनी खटला दुसऱ्या कोर्टाकडे पाठवला असता. ॲथीना मात्र, मला आई नाही म्हणून मी पुरुषाच्या बाजूची, असं उघड सांगून आपलं मत ओरेस्टेसला देते. मतं समसमान पडतात, तो सुटतो. चिडलेल्या सूडदेवतांना अथेन्समध्ये मानाची जागा देऊन शांत केलं जातं.

हे नाटक झालं इ.स.पू. ४५८मध्ये, ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, दिओनिससच्या उत्सवात. पहिलं बक्षीस मिळालं. त्याच्या तीन-चार वर्षं आधीच एफिआल्टिस या नेत्यानं ॲरिओपॅगसवर भरणाऱ्या परिषदेचे बरेचसे अधिकार काढून घेतले होते. खुनाचे खटले तेवढे राहिले होते. राणीचा मुखवटा चढवून बोलणारा नट पुरुष. प्रत्यक्ष अथेन्समधल्या बाईला स्वतः दावा लावता येत नसे, तिच्या वतीनं बाप, नवरा किंवा दुसरा पालक बोले. एक मेडिम्नॉस (धान्याचं माप) जवाच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहारही तिला आपल्या अधिकारात करता येत नसे.

पुढे ४५१मध्ये पेरिक्लिसच्या प्रस्तावावरून त्याच नगरानं कायदा केला: आई आणि बाप दोघंही अथेनियन असतील, तरच मूल नागरिक. सात वर्षांपूर्वी रंगमंचावर आई नुसती जमीन ठरली होती. आता त्या जमिनीचा सातबारा मागू लागले.