पाठीवरची कवटी

सोळाव्या शतकातल्या युरोपात काही धनवंतांच्या व्यक्तिचित्रांना पाठीमागूनही रंग लागलेला असे. यान गोसार्टने १५१७ साली यान कारोंडेले या धर्माधिकाऱ्याचे जोडचित्र रंगवले. आत कारोंडेले आणि मेरी. बाहेरच्या एका फळीवर कोनाड्यात ठेवलेली, जबडा निखळलेली कवटी. पुढे माणूस आणि मागे त्याचा शेवट, अशी ही रचना. अर्थ मनात धरून वस्तू मांडण्याच्या चित्रपरंपरेचे एक मूळ या मागच्या बाजूला सापडते.

ही कवटी दर्शनी बाजूला आणली याक द खेन याने, १६०३ साली. निव्वळ मृत्यूचे स्मरण देणारे, आज माहीत असलेले सर्वांत जुने स्वतंत्र वस्तुचित्र त्याचेच. कवटीवर मोठा बुडबुडा तरंगतो आहे, शेजारी खुडलेली फुले आणि धुराचे पात्र आहे, खाली नाणी आहेत. ज्याचे चित्र काढायचे तो माणूसच उठून गेला आणि त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी वस्तूंवर आली.

हा प्रकार बहरला लायडन या डच शहरात. तिथे १५७५पासून विद्यापीठ होते. कॅल्विनपंथी चर्च वेदीसाठी चित्रे काढून घेत नसे, त्यामुळे चित्रकाराचे गिऱ्हाईक म्हणजे घरात चित्र लावणारा नागरिक. प्रवचन असे भिंतीवर आले आणि त्यातल्या वस्तूंची कामे ठरत गेली. विद्येसाठी पुस्तके, सुखासाठी ल्यूट आणि चिलीम, संपत्तीसाठी नाणी, काळासाठी घड्याळ किंवा विझू घातलेला दिवा.

लायडनमध्ये शिकलेल्या हार्मेन स्टेनवाइकने १६४०च्या सुमारास केलेली वस्तूंची निवड लंडनच्या नॅशनल गॅलरीत पाहायला मिळते. त्यात जपानी तलवार आहे, दूरच्या समुद्रातला शंख आहे. डच व्यापाराने आणलेल्या या मौल्यवान चिजा ऐश्वर्य सांगतात. पण प्रकाशाचा झोत तिरका येऊन पडतो तो कवटीवर. चित्राचा बराच भाग रिकामी भिंत आहे. काय ठेवायचे याइतकाच काय ठेवायचे नाही याचाही त्याने विचार केला होता.

त्याचा मामा आणि गुरू डेव्हिड बेली याने १६५१ साली माणसाला पुन्हा चित्रात घेतले. तरुण चित्रकार टेबलाशी बसला आहे. त्याच्या हातात बेलीच्या उतारवयातले छोटे व्यक्तिचित्र आहे. फुले, नाणी, कवटी यांच्या रांगेत आता व्यक्तिचित्रही एक वस्तू झाले.

आपल्याकडे चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला स्थिरचित्र काढताना मुले आकार आणि छायाप्रकाश मन लावून शिकतात. ते शिकायलाच हवे. त्याच्या जोडीला, मांडणी करण्याआधी त्यांनी प्रत्येक वस्तूबद्दल विचारावे: ही कुणाची आहे, आणि तो समोर नसताना ती त्याच्याविषयी काय सांगेल? ज्या वस्तूपाशी या प्रश्नाचे उत्तर आहे, तीच चित्रात ठेवावी.